स्वस्त कुलपाच्या पोटातली रिळं

पितळेचं छोटं कुलूप हातात घेऊन त्याची कड उजेडात तिरकी धरली, तर चकचकीत अंगावर एका ओळीत चार-पाच फिकट वर्तुळं दिसतात. पॉलिश नीट झालेलं असेल तर तीही दिसत नाहीत. कारखान्यात त्या बाजूने भोकं पाडली, भोकांत पिना आणि स्प्रिंगा भरल्या, तोंडावर पितळेच्या टिकल्या ठोकल्या आणि सगळं घासून सपाट केलं, त्याच्या या खुणा. आत काय भरलंय हे पुन्हा कुणी उघडून पाहावं, अशी बनवणाऱ्याची अपेक्षाच नसते. टिकल्या ड्रिलने काढल्या की कुलूप कायमचं निकामी होतं. पण आतल्या पिना बाहेर पडतात, आणि त्या पाहण्यासारख्या असतात.

जगभर काही हौशी लोक एवढ्यासाठीच बाजारातली स्वस्त कुलपं विकत घेऊन फोडतात. एरवी आत साध्या, गुळगुळीत पिना असायला हव्यात. पण कधी मध्येच कंबर बारीक केलेली पिन निघते, कधी अंगभर चर कोरलेली, कधी एका टोकाला जाड डोकं असलेली. या आकारांना 'सिक्युरिटी पिन' म्हणतात. किल्लीशिवाय कुलूप उघडू पाहणाऱ्याला चकवण्यासाठी त्या घातलेल्या असतात. महागड्या कुलपात त्या असाव्यात यात नवल नाही. दोन हाती पिळले की वाकेल अशी कडी असलेल्या कुलपात त्या कशाला, हा खरा प्रश्न.

आधी ही पिन काय करते ते पाहू. आजच्या बहुतेक पिनांच्या कुलपांचं मूळ अमेरिकेतल्या लायनस येल यांच्याकडे जातं. बाप आणि मुलगा दोघांचं नाव हेच, आणि दोघंही कुलूपवाले. मुलगा तरुणपणी व्यक्तिचित्रं रंगवायचा आणि मग बापाच्या धंद्यात शिरला. 1861 आणि 1865 मध्ये त्याने घेतलेल्या पेटंटांतून आजची छोटी, चपटी, दातेरी किल्ली आली. 1868 मध्ये हेन्री टाउन यांच्याबरोबर त्याने कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डला कारखाना काढला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, वयाच्या 47व्या वर्षी तो वारला. कल्पना मात्र त्याच्यापेक्षा हजारो वर्षं जुनी. खुंट्या आपल्या वजनाने खाली पडून अडसर धरतात आणि किल्लीने उचलल्या की सुटतात, अशी लाकडी कुलपं प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियात होती.

येलच्या रचनेत एक गोल गाभा असतो, तो बाहेरच्या घरात फिरतो. गाभा आणि घर दोघांतून आरपार भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात दोन पिना एकीवर एक बसतात: एक किल्लीला टेकणारी, दुसरी स्प्रिंगकडची. कुलूप बंद असताना स्प्रिंगकडची पिन अर्धी गाभ्यात आणि अर्धी घरात असते, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका गाभा आणि घर यांच्या सीमेवर येतो. मग गाभा मोकळा होतो.

कागदावर हे निर्दोष आहे. पण भोकं पाडतं ते ड्रिल, आणि ड्रिल दर वेळी केसभर इकडेतिकडे सरकतं. पाच भोकं एका सरळ रेषेत म्हणून पाडलेली असली तरी ती कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. त्यामुळे गाभ्याला हलकासा पीळ दिला की पाचही पिना सारख्या अडकत नाहीत. आधी एकच अडकते. ती योग्य उंचीला आली की गाभा किंचित सरकतो आणि पुढची अडकते. किल्लीशिवाय कुलूप उघडण्याची सगळी कला या केसभर चुकीवर जगते. सिक्युरिटी पिन ही चूक दुरुस्त करत नाही. ती त्या चुकीचा गैरफायदा घेणाऱ्याची दिशाभूल करते.

सगळ्यात जास्त भेटते ती रिळाची पिन: दोन टोकं जाड, मधला भाग बारीक, शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या रिळासारखी. इंग्रजीत तिला 'स्पूल' म्हणतात. ती अर्धवट उचलली गेली की बारीक कंबर सीमेवर येते आणि गाभा एकदम बराच फिरतो. उघडणाऱ्याला वाटतं, झालं. मग सगळं घट्ट अडकतं, कारण खालची जाड कड अजून गाभ्यातच असते. ओळखायची खूणही त्यातच आहे: त्या पिनेला आणखी वर ढकललं की गाभा उलट्या दिशेने मागे सरकतो. साधी पिन असं कधी करत नाही. छत्रीच्या आकाराची पिन याच जातीची, फक्त तिचा उतार हळूहळू जातो, म्हणून हा मागचा धक्का पुसट लागतो. दातेरी पिनेवर बारीक चर असतात. तिथे एकाऐवजी अनेक खोट्या 'टक' ऐकू येतात आणि खरी कोणती ते कळत नाही. टी-पिनेला डोकं एकाच बाजूला. काही पिना पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जातात. त्यांना इंग्रजीत ख्रिसमसचं झाड म्हणतात.

खोटी खूण दाखवून फसवण्याची ही युक्ती येलच्या आधीची आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी 1784 मध्ये एका वेगळ्याच प्रकारच्या कुलपाचं पेटंट घेतलं होतं. त्यात पिनांऐवजी पातळ पट्ट्या किल्लीच्या दाबाने आत सरकायच्या. ब्रामांच्या कारखान्यात काम करणाऱ्या रसेल नावाच्या कारागिराने 1817 च्या सुमारास या पट्ट्यांवर खोट्या खाचा पाडायला सुरुवात केली. पट्टी खोट्या खाचेत अडकली की उघडणाऱ्याला वाटायचं खरी जागा सापडली. रिळाच्या पिनेची पणजी म्हणता येईल अशी ही खाच.

ब्रामांच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप लटकत असे. ते उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनी, अशी पाटी त्यावर होती. साठ वर्षं पाटी तशीच राहिली. मग 1851 च्या जागतिक प्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज आला. त्याने आधी चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप सुमारे 25 मिनिटांत उघडलं, आणि नंतर ब्रामांचं कुलूप 16 दिवसांत मिळून 51 तास खपून उघडलं. लंडनच्या वर्तमानपत्रांत यावरून जो गदारोळ झाला त्याचा सूर आजही ओळखीचा वाटतो: ही गुपितं जाहीर करावीत की झाकून ठेवावीत? हॉब्जच्या बाजूचे लोक म्हणत होते की चोरांना ती आधीच ठाऊक असतात. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. काही चोरांना ठाऊक असतात, बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. पण कुलूप विकत घेणाऱ्याला मात्र ती कधीच ठाऊक नसतात, एवढं नक्की.

आता स्वस्त कुलपाकडे. अमेरिकेत हॅरी सोरेफ यांनी 1921 मध्ये मिलवॉकीला मास्टर लॉक ही कंपनी काढली आणि पोलादी पत्रे एकावर एक रिव्हेटने जोडून कुलूप बनवण्याच्या कल्पनेचं पेटंट 1924 मध्ये घेतलं. हे थराथराचं, जड, दमदार दिसणारं कुलूप जगभर गेलं. त्यातल्या 'नंबर 3' या मॉडेलच्या पोटात चार साध्या, गुळगुळीत पिना असतात. त्याच कंपनीचं 140 नंबरचं लहानसं पितळी कुलूप दिसायला किरकोळ, पण त्याच्या चार पिनांपैकी बहुतेक रिळाच्या निघतात. म्हणजे बाहेरून दणकट दिसणारं आत साधं, आणि किरकोळ दिसणारं आत चतुर. तिसरं उदाहरण अमेरिकन लॉक कंपनीचं. त्यांच्या 1100 मालिकेत स्प्रिंगकडच्या पिना दातेरी असतात, आणि किल्लीकडच्याही. हे कुलूप फोडावं लागत नाही: कडी उघडली की तिच्या भोकातून दिसणारा एक स्क्रू काढला की आतला गाभा बाहेर येतो. हौशी लोकांत ते इतकं लोकप्रिय होण्याचं अर्धं कारण हा स्क्रू असावा. 2003 मध्ये ही कंपनीही मास्टर लॉकच्या पंखाखाली गेली.

मग स्वस्त कुलपात रीळ का? उत्तर चोराकडे शोधू नये, लेथकडे शोधावं. पिना पितळेच्या बारीक सळईतून स्वयंचलित लेथवर कापल्या जातात. सळई फिरतेच आहे, हत्यार तिथे आहेच. मध्ये एक चर पाडायला आणखी क्षणभर लागतो, बस. याउलट भोकं एका रेषेत आणण्यासाठी चांगली यंत्रं, वेळेवर बदललेली ड्रिलं आणि नाकारलेला माल सहन करण्याची तयारी लागते. हा खर्च दर कुलपामागे होतो आणि खोक्यावर छापता येत नाही. 'पिक-रेझिस्टंट' हे शब्द मात्र छापता येतात. म्हणून स्वस्त कुलपात चतुर पिना आणि ढिली भोकं एकत्र नांदताना दिसतात. जागा ढिली असली की रिळाची कड कधी अडकते, कधी सुटून जाते. दातेरी पिनेची अवस्था त्याहून वाईट. तिचे दात घट्ट धरले जातात ते भोकाच्या तोंडाशीही कड किंवा आटे कोरलेले असले तर, आणि ते काम बहुधा महागड्या कुलपांत केलेलं आढळतं.

आपल्याकडच्या घरांत पिनांची कुलपं उशिरा आली. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना सुरू केला. अलिगढमध्ये जॉन्सन अँड कंपनी 1870 पासून विलायती कुलपं आणून विकत होती आणि पुढे तिथेच कुलपं बनू लागली. देशी कडी-कुलपाचा भर राहिला तो लिव्हरवर, म्हणजे किल्लीने ठरलेल्या उंचीला उचलायच्या चपट्या पट्ट्यांवर. '7 लिव्हर', '8 लिव्हर' हे आकडे खोक्यावर ठसठशीत छापलेले असतात आणि गिऱ्हाईक ते मोजूनच कुलूप घेतं. पट्टी किती नेमकी कापली आहे, तिच्या खाचेत किती ढील आहे, हे कुणी विचारत नाही आणि दुकानदारालाही सांगता येणार नाही. पिनांच्या बाबतीत सिक्युरिटी पिनेचं जे झालं तेच इथे आकड्याचं झालं आहे.

किंमत कुलपाचा आकार ठरवते याचं एक सरळ, प्रामाणिक उदाहरण विक्रोळीत घडलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजने 12 लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या बनवल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावणं परवडत नव्हतं, म्हणून बंद होण्याची यंत्रणा पेटीच्या आतच बसवली गेली. तिथे खोक्यावर काही छापायचं नव्हतं. पेटी कुणाला गुपचूप उघडता येऊ नये, एवढंच हवं होतं.

आणि घरफोडीचं म्हणाल तर वर्तमानपत्रातली बातमी आपल्याला पाठ आहे: दाराचा कडी-कोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला. पिना साध्या होत्या की रिळाच्या, याचा त्या बातमीत कधी उल्लेख येत नाही, कारण चोर पिनांपर्यंत पोचतच नाही. कोयंडा दोन बारीक स्क्रूंवर लाकडात बसवलेला असेल तर कुलूप जर्मन असो की अलिगढी, पहार एकच असते. कुलूप विकत घेताना ज्या हाताने आपण लिव्हर मोजतो त्याच हाताने कोयंड्याचे स्क्रू हलवून पाहणं जास्त शहाणपणाचं.

तरीही पिना ओळखण्याचा छंद मला वायफळ वाटत नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला 1997 मध्ये कुलूप उघडण्याच्या खेळाची संघटना स्थापन झाली, नेदरलँड्समध्येही तशीच एक आहे. त्यांचे दोन नियम कडक आहेत: जे कुलूप आपलं नाही ते उघडायचं नाही, आणि जे वापरात आहे त्यालाही हात लावायचा नाही. त्या नियमांत राहून फोडलेलं कुलूप बनवणाऱ्याबद्दल बरंच सांगतं. भिंग आणि व्हर्नियर घेऊन बसलं की हेतू आणि अपघात वेगळे करता येतात. मुद्दाम कोरलेला चर सगळ्या पिनांवर एकाच खोलीचा आणि एकाच जागी असतो. बोथट हत्यारामुळे पडलेला ओरखडा प्रत्येक पिनेवर वेगळा. पिनेच्या टोकाला मधोमध बारीक टेंगूळ असेल तर ती सळईतून तोडताना राहिलेली खूण. तिला छत्री समजू नये. सगळ्या स्प्रिंगकडच्या पिना एकाच लांबीच्या असल्या तर त्या एकाच डब्यातून उचललेल्या, आणि तीन रिळांच्या शेजारी एकच साधी असली तर तो हिशेबही असू शकतो, डबा संपल्याची खूणही असू शकते. बाकीच्या कुलपांत तीच साधी पिन त्याच जागी सापडली तर हिशेब.

एका बिननावाच्या पितळी कुलपात मला टी-पिन मिळाली. तिचं जाड डोकं किल्लीकडे असेल तरच ते सीमेवर अडकून उघडणाऱ्याला फसवतं. इथे ते स्प्रिंगकडे होतं, म्हणजे पिन उलटी बसवलेली. लांबी तीच, त्यामुळे किल्ली सुरळीत फिरत होती आणि कारखान्यातल्या कुठल्याही तपासणीत ते कुलूप उत्तीर्ण झालं असतं.