आजोबांची पूड आणि आजोबांची गोळी



गेल्या उन्हाळ्यात माझे वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बॅगेत मेतकूट, कुळथाचे पीठ आणि एका डब्यात हिरवट पूड होती. "ही गुडमार. साखरेवर रामबाण!" असे त्यांनी सांगितले. बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यासाठी ते रोज ग्लिमेपिराइडची गोळीही घेतात.

एका रविवारी मराठी वर्गाला निघायच्या गडबडीत बाबांनी पूड घेतली, गोळी घेतली आणि पोहे तसेच राहिले. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते नातीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारू लागले. मीटरवर साखर ५४ दिसली. ७० च्या खाली गेली की ती फार कमी समजतात. आम्ही त्यांना अर्धा कप संत्र्याचा रस दिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मग पोहे खाऊ घातले. आमचा त्या दिवशीचा वर्ग बुडाला, तो असा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, "गोळीशिवाय आणखी काय घेता?" बाबा म्हणाले, "काही नाही." पूड हेही औषधच, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

आता थोडे शास्त्र. आपण जेवलो की अन्नातली साखर रक्तात उतरते. स्वादुपिंड नावाचा अवयव इन्सुलिन तयार करतो आणि त्यामुळे ती साखर पेशींमध्ये जाते. इन्सुलिन कमी पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला की साखर रक्तातच साठते. लहान मुलांना बहुधा पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. त्यात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून ते बाहेरून घ्यावेच लागते. कोणतीही वनस्पती त्याची जागा घेऊ शकत नाही.

मग आजीच्या मेथीत काहीच अर्थ नाही का? आहे. मेथीचे दाणे रात्री भिजत घाला, सकाळी ते बुळबुळीत झालेले दिसतील. तो बुळबुळीतपणा म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू. तो पोटात गेला की साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहींना मेथीची पूड देऊन पाहिली, तेव्हा त्यांची साखर उतरली. पण मात्रा होती रोज १०० ग्रॅम! आपल्या भाजीतली चिमूटभर मेथी तेवढे काम करील कशी?

कारल्याची ख्याती मोठी, पण माणसांवरचे प्रयोग लहान आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी न जुळणारे आहेत. गुडमारची गंमत मात्र खरी. त्याचे पान चावून साखर तोंडात टाकली तर काही वेळ ती वाळूसारखी लागते, कारण त्यातले आम्ल जिभेची गोड चव अडवते. गुडमारमुळे स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन सुटते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. बाबांची गोळीही नेमके तेच करते. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत सांगायचे, तर दोन प्रोग्राम एकाच आकड्यात बदल करत होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता! उपाशीपोटी नुसत्या गोळीनेही साखर उतरू शकते. त्यामुळे दोष पुडीचाच होता असे डॉक्टर म्हणाले नाहीत, पण तिचा हातभार नव्हता असेही म्हणाले नाहीत.

वनस्पतीपासून औषध कसे होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मेटफॉर्मिन. युरोपात गॅलेगा नावाची एक जांभळट फुलांची वनस्पती आहे. तिच्यातल्या एका द्रव्याने साखर उतरते, पण ते विषारी निघाले. त्याच्याशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनले. १९५७ मध्ये पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना देऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत ते यायला १९९५ साल उजाडले. औषध म्हणून ते देताना मात्रा किती, शुद्धता किती, धोका कोणता, हे तपासलेले असते. डब्यातल्या पुडीबाबत हे तीनही प्रश्न अनुत्तरितच असतात.

शुद्धतेचेच पाहा. २००४ साली बॉस्टन भागातील दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. "झाडपाल्याने काय होणार?" हे आपले वाक्य म्हणूनच जपून वापरावे.

आमच्या घरी आता मेथी आणि कारले ताटात असतात, गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे असते आणि पुडीचा डबा बंद आहे. बाबा थोडे रुसले, पण नातीने समजूत घातली.

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ: आजी-आजोबांशेजारी बसून ते घेतात त्या सगळ्या गोळ्या, पुडी, काढे आणि रस यांची मराठीत यादी करा. आई-बाबा ती इंग्रजीत लिहून देतील. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती आजोबांच्या खिशात असू द्या.