यंत्रांचा पत्रव्यवहार
१९५३ साली बंगळुरात हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली, तेव्हा लेथ बिघडल्याची पहिली वार्ता कारागिराच्या कानी येई. आज त्याच शहराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर बसविलेले संवेदक कंपन व उष्णता यांची वर्दी अहोरात्र संगणकाच्या दप्तरी दाखल करतात, आणि बेअरिंग फुटण्यापूर्वीच त्याची झीज ध्यानात येते. परंतु ज्या वाटेने वर्दी बाहेर जाते, त्याच वाटेने परका हुकूम आत येऊ शकतो. आणि १९७९ मध्ये घडविलेली, अद्यापही प्रचारात असलेली मॉडबस ही संदेशपद्धती तर मूळ स्वरूपात हुकूम कोणाचा, याची विचारपूसही करीत नाही.

असा परका हुकूम काय करू शकतो, ते पाहा: २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणकीय आज्ञावलीने इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्रात, बहुधा पेनड्राइव्हवाटे शिरून, सेंट्रिफ्यूज भलत्याच वेगाने फिरविले आणि पडद्यावर मात्र सर्व आलबेल असल्याचे जुनेच आकडे दाखविले; खोटे दप्तर ठेवण्याची ही विद्या आपल्या जुन्या कारकुनांस अगदीच अपरिचित नव्हती म्हणा! कचेरीचे व यंत्रांचे जाळे विभक्त ठेवावे, दुरून दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यास मुदतबंद परवाना द्यावा, हे उपाय सर्वज्ञात आहेत. तथापि यंत्र चालविणाऱ्या नियंत्रकाची आज्ञावली अद्ययावत करावयाची तर यंत्र थांबवावे लागते, आणि मालाची मुदत डोक्यावर असलेला लहान कारखानदार ते काम दिवाळीच्या सुटीवर ढकलतो.