टांचेचें दुखणें आणि धांवणारा माणूस

ठाणें शहराच्या उत्तरेस, उल्हासच्या खाडीकांठीं वसलेलें कोलशेत हें एके काळीं कोळी-आगरी वस्तीचें आणि रेतीबंदराचें गांव होतें. मागाहून तेथें रासायनिक कारखाने आले, आणि आतां त्या बाजूस उंचच उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. या इमारतींतून पहांटे जीं माणसें बाहेर पडतात त्यांत धांवण्याचा नाद असलेलीं पुष्कळ असतात. कोणी खाडीकडच्या सपाट रस्त्यानें जातो, कोणी उपवन तलावाला वळसा घालून येऊरचा चढ गांठतो. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पावसाळ्यांत असते, मुंबईची जानेवारींत. मधले महिने तयारीचे. यांतील कित्येकांनीं शाळा सुटली तेव्हांच धांवणें सोडलेलें असतें आणि चाळिशीच्या आसपास तें पुन्हां धरलेलें असतें. अशा मंडळींत जीं दुखणीं वारंवार आढळतात त्यांत टांचेचें आणि टांचेमागच्या शिरेचें दुखणें अग्रभागीं आहे.

हें दुखणें मोठें लबाड आहे. सकाळीं बिछान्यांतून उठून पाय जमिनीवर टेकला कीं कांटा रुतावा तशी कळ येते. न्हाणीघरापर्यंत माणूस लंगडत जातो, चहा होईपर्यंत कळ ओसरते, आणि धांवण्यास निघाल्यावर पहिला किलोमीटर पाय आखडल्यासारखा वाटून पुढें सारें सुरळीत होतें. साहजिकच त्या गृहस्थाची समजूत होते कीं, धांवण्यानेंच पाय मोकळा झाला. खरा हिशेब दुसऱ्या दिवशीं सकाळीं होतो. तो जो पाहत नाहीं त्याचें दोन आठवड्यांचें दुखणें दोन वर्षांचें होतें.

प्रथम दुखतें कोठें, हें बोटानें दाबून ठरवावें. पोटरीचे दोन मोठे स्नायु खालीं उतरतां उतरतां एकत्र होतात आणि त्यांची एक जाड दोरी बनून ती टांचेच्या हाडास मागून चिकटते. शरीरांतील ही सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. ही दोरी चिमटींत धरून हाडाच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखत असेल, तेथें गांठीसारखी जाडी लागत असेल, तर तो तिच्या मध्यभागाचा विकार. अगदीं हाडाला चिकटते तेथेंच दुखत असेल तर तो निराळा, व अधिक चिवट. आणि दुखणें टांचेच्या मागें नसून तळव्याकडे, आंतल्या बाजूस असेल तर कंडरेचा संबंध थोडा. तेथें टांचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पडदा दुखावलेला असतो. या तिहींस लोक सरसकट 'टांच दुखते' असें म्हणतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्यास लावून फसतात.

कंडरेचें पाश्चात्य नांव ग्रीक वीर अकिलिस याच्यावरून पडलें आहे. त्याच्या आईनें त्याला स्टिक्स नदींत बुडवून अभेद्य केलें, पण तिनें धरलेली टांच तेवढी कोरडी राहिली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. शरीरशास्त्रांत हें नांव फ्लेमिश शारीरज्ञ फिलिप फेरहेयन यानें १६९३ मध्यें वापरलें. त्याचा स्वतःचाच एक पाय कापलेला होता, हा योगायोग विलक्षण खरा.

धांवतांना प्रत्येक पावलास या दोरीवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ बसते. सत्तर किलो वजनाच्या माणसास ती चारशें वीस ते साडेपांचशें किलोंच्या घरांत जाते. आणि एका किलोमीटरला एकेका पायाचीं सुमारें पांचशें पावलें पडतात. एवढा भार दोरी सोसते, इतकेंच नव्हे तर ती ताणलेल्या रबराप्रमाणें शक्ति साठवून पुढच्या उडीस परत देते. ज्या अवयवास एवढें काम त्यास रक्ताचा पुरवठा मात्र बेताचा. डेन्मार्कमधील संशोधकांनीं २०१३ मध्यें एक नामी युक्ति योजून याचा शोध घेतला. १९५०-६० च्या काळांतील अणुचांचण्यांमुळें हवेंत किरणोत्सर्गी कार्बन एकाएकीं वाढला होता. तो त्या वेळीं वाढणाऱ्या सर्व देहांत शिरला. निरनिराळ्या वयांच्या माणसांच्या कंडरांत तो किती उरला आहे हें मोजल्यावर असें दिसलें कीं, कंडरेचा गाभा सतराव्या वर्षाच्या सुमारास तयार होतो आणि पुढें जन्मभर जवळजवळ बदलत नाहीं. हाड मोडलें तर नवें हाड येतें. येथें तसें होत नाहीं. चाळिशींतला माणूस आपल्या शाळकरी वयांतल्या दोरीवर धांवत असतो.

यावरून दोन गोष्टी उलगडतात. पहिली ही कीं, या दुखण्यास पूर्वी 'दाह' समजत व दाह शमविण्याचींच औषधें देत. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां दीर्घकाळच्या दुखण्यांत दाहाच्या पेशी फारशा आढळत नाहींत. आढळते ती तंतूंची विस्कटलेली मांडणी, पाण्यानें आलेली सूज आणि जेथें नसाव्यात तेथें वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतु. म्हणून वेदनाशामक गोळ्यांनीं चार दिवस बरें वाटतें आणि मूळ तसेंच राहतें. दुसरी गोष्ट अशी कीं, स्नायूची ताकद सहा-आठ आठवड्यांत वाढते, दम त्याहूनहि लवकर वाढतो, पण दोरीला महिने लागतात. सप्टेंबरांत दहा किलोमीटर धांवणारा नोव्हेंबरांत पंचवीस धांवूं लागला, त्यांत रविवारीं येऊरच्या चढाची भर घातली, तर छाती तक्रार करीत नाहीं, टांच करते. चढावर घोटा अधिक दुमडतो व दोरी अधिक ताणली जाते, हें येथें विसरूं नये.

उपचाराच्या इतिहासांतील सर्वांत मनोरंजक प्रकरण स्वीडनमधील उमेओ येथें घडलें. होकन आल्फ्रेडसन हे तेथील अस्थिशल्यवैद्य स्वतः धांवत असत व स्वतः याच दुखण्यानें बेजार होते. शस्त्रक्रिया करून घ्यावी म्हणून ते वरिष्ठांकडे गेले, पण एवढ्याशा कारणासाठीं रजा देतां येणार नाहीं असें उत्तर मिळालें. तेव्हां दोरी तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा हट्टानें त्यांनीं दुखऱ्या पायावर भार घालून टांच खालीं सोडण्याचा सपाटा लावला. दोरी तुटली नाहीं. दुखणें मात्र गेलें. मग त्यांनीं शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या पंधरा हौशी खेळाडूंस हाच व्यायाम बारा आठवडे करावयास लाविला. ते पंधराहि जण पुन्हां पूर्वीसारखे धांवूं लागले, असें त्यांनीं १९९८ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढील अभ्यासांत यश इतकें निर्भेळ दिसलें नाहीं, आणि कांहीं रोग्यांना वर्षानुवर्षें थोडें दुखत राहतें हेंहि सिद्ध झालें. पण उपचाराची दिशा त्या दिवसापासून बदलली. विश्रांतीच्या जागीं भार आला.

या व्यायामास उपकरण लागत नाहीं. इमारतीच्या जिन्याची एक पायरी पुरते. कठड्यास हात टेकून पायरीच्या कडेवर दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभें राहावें. चांगल्या पायाच्या जोरानें टांचा उचलाव्या, मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन टांच सावकाश पायरीच्या खालीं उतरूं द्यावी. असें पंधरा वेळां, तीन फेऱ्या. प्रथम गुडघा ताठ ठेवून, नंतर तितकेंच गुडघा वांकवून. सकाळीं एकदां व संध्याकाळीं एकदां. हिशेब केला तर दिवसाला एकशें ऐंशी वेळां होतें. गुडघा दोन तऱ्हांनीं ठेवण्याचें कारण असें कीं, पोटरीचा वरचा स्नायु गुडघ्याच्या वरून निघतो व खालचा गुडघ्याच्या खालून. गुडघा वांकविला कीं वरचा सैल पडतो व खालच्यास काम करावें लागतें. विनासायास जमूं लागल्यावर पाठीवरच्या पिशवींत वजन वाढवीत जावें. ज्यांचें दुखणें हाडाच्या चिकटणीपाशीं आहे त्यांनीं मात्र पायरीच्या खालीं टांच सोडूं नये. तेथें दोरी हाडावर दाबली जाऊन चिडते. त्यांनीं सपाट जमिनीवरच हा व्यायाम करावा.

एकशें ऐंशीचा आंकडा ऐकून ज्यांचा धीर सुटतो त्यांच्यासाठीं २०१५ मध्यें डेन्मार्कमधून सुवार्ता आली. आठवड्यांतून तीनदांच, पण जड वजन घेऊन अत्यंत सावकाश टांचा उचलल्या व उतरविल्या तरी परिणाम तोच येतो, आणि रोगी अधिक संतुष्ट असतात असें तेथें आढळलें. एक दिवसाआड करण्यास शास्त्राचाहि आधार आहे: मोठ्या श्रमानंतर पहिला सुमारें दीड दिवस दोरींत तंतूंची झीज भरपाईपेक्षां जास्त असते, भरपाईचें पारडें त्यानंतर जड होतें.

मग धांवणें बंद करावें काय? पूर्वी याचें उत्तर नि:शंक 'होय' असें मिळे. स्वीडनमध्येंच २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रोग्यांच्या एका गटास व्यायामाबरोबर धांवण्या-उड्या मारण्याची मुभा दिली होती, मात्र वेदनेचा जमाखर्च ठेवण्याच्या अटीवर. शून्य म्हणजे कांहीं नाहीं आणि दहा म्हणजे असह्य, असें धरून धांवतांना पांचापर्यंत वेदना चालेल. दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत ती ओसरली पाहिजे. आणि आठवड्यागणिक वाढतां कामा नये. या गटाची प्रगति संपूर्ण विश्रांति घेणाऱ्यांपेक्षां कमी झाली नाहीं. संपूर्ण विश्रांतींत दोरी आणखी दुबळी होते, आणि बरें वाटलें म्हणून तो गृहस्थ पुन्हां पूर्वीच्याच वेगानें निघाला कीं तिसऱ्या दिवशीं दुखणें परत दारांत. दरम्यान बुटांत टांचेखालीं सेंटिमीटरभर जाडीची गादी घातल्यास ताण हलका होतो. ती तात्पुरती कुबडी समजावी.

तळव्याच्या दुखण्याची गोष्ट थोडी वेगळी, आणि तींत आपल्या घरांची रीतहि आड येते. पादत्राणें उंबऱ्याबाहेर ठेवण्याची चाल उत्तम. परंतु घरांत अनवाणी, फरशीवर, सकाळीं दोन तास ओट्यापाशीं उभें राहणाऱ्या बाईची टांच न धांवतांहि दुखते, मग धांवणाऱ्या बाईची काय कथा! घरांत वापरावयाची मऊ तळाची स्वतंत्र चप्पल हा यांतील सर्वांत स्वस्त उपाय होय. व्यायाम पायरीवरचाच, पण बोटांखालीं गुंडाळलेला टॉवेल ठेवून. बोटें वर उचललीं जातात तेव्हां तळव्याचा पडदा ताणला जातो व भार त्याच्यावर येतो. क्ष-किरणाच्या चित्रांत टांचेच्या हाडास लहानसा कांटा दिसला म्हणजे पुष्कळांची झोंप उडते. असा कांटा कांहींहि न दुखणाऱ्या कित्येकांच्या टांचेंतहि असतो. त्यास गुन्हेगार ठरविण्याची घाई नको.

अनवाणी धांवण्याचें वेडहि मधूनमधून येतें. त्याला इतिहासाची भरजरी झालर आहे. पुण्यांत डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धांवणारे खेड्यांतील गडी पाहून सर दोराबजी टाटा यांस हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याची प्रेरणा झाली, आणि १९२० च्या अँटवर्प येथील मॅरेथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले पावणेत्रेचाळीस किलोमीटरचें अंतर २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत तोडून एकोणिसावे आले. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत, ज्यांनीं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटरचें कांस्यपदक मिळविलें, त्याहि लहानपणीं अनवाणीच धांवल्या. पण या मंडळींची दोरी बालपणापासून त्या ओझ्यानें घडलेली होती. अनवाणी माणूस बहुधा चवड्यावर उतरतो, आणि टांचेचा भार पोटरी व कंडरेवर जातो. वीस वर्षें कचेरींत बुटांत राहिलेल्या पायाला सिमेंटच्या रस्त्यावर एका रविवारीं अनवाणी सोडणें म्हणजे दुखण्यास आमंत्रण.

कांहीं प्रसंगीं मात्र जिन्याच्या पायरीवर वेळ न घालवितां वैद्याकडे जावें. धांवतांना मागून कोणी लाथ मारल्यासारखें वाटलें, आवाज झाला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभें राहतां येईना, तर दोरी तुटली असें समजावें. चीनचा अडथळ्यांच्या शर्यतीचा विजेता ल्यू श्यांग २००८ मध्यें बीजिंगला याच दुखण्यामुळें शर्यत सोडून गेला, आणि २०१२ मध्यें लंडनला पहिल्याच अडथळ्यापाशीं त्याची कंडरा तुटली. उरलेलें अंतर तो एका पायावर उड्या मारीत गेला. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीचीं जंतुनाशकें घेतल्यानें ही दोरी तुटण्याचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं २००८ पासून सक्तीची केली आहे. लघवीच्या विकारावर वा जुलाबावर हीं औषधें सर्रास दिलीं जातात, तेव्हां वैद्यास आपण धांवतों हें सांगावें. कंडरेंत स्टेरॉइडची सुई टोंचून घेण्याच्या भरीस पडूं नये. दोन्ही टांचा एकदम दुखत असतील, सकाळीं कंबरहि अर्धा-पाऊण तास आखडत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असूं शकतो. दोन्ही कंडरा जाड झाल्या असून घराण्यांत तरुणपणीं हृदयविकार असेल तर रक्तांतील कोलेस्टेरॉल तपासावें. टांच येथें हृदयाची खबर देत असते.

राहतां राहिला वेळेचा प्रश्न. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारीं असते. ज्याची दोरी ऑक्टोबरच्या मध्यास दुखूं लागली त्याच्या हातीं तेरा-चौदा आठवडे उरतात, आणि त्यांतले बारा पायरीवर जातात. अशा माणसास पूर्ण मॅरेथॉनचा नाद त्या वर्षापुरता सोडावा लागतो. एका पायावर पंचवीस वेळां टांच उचलतां आली, वीस उड्या मारून दुसऱ्या सकाळीं कळ वाढली नाहीं, तर एक मिनिट धांवणें व एक मिनिट चालणें अशी सुरुवात एक दिवसाआड करावी. ही सुरुवात खाडीकडच्या सपाट रस्त्यावर. येऊरचा चढ सर्वांत शेवटीं.