मन उभं करण्याची विद्या : जालन्याच्या निमित्ताने मनोपचारांचा आढावा

मराठवाड्यातल्या दवाखान्यात मनाचं दुखणं शरीराची तक्रार होऊन येतं. डोकं जड पडतं, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. अंबड, परतूर किंवा मंठ्याला डॉक्टरांपुढे बसलेला माणूस एवढंच सांगतो आणि "एक सलाईन लावा, अंगात ताकद येईल" म्हणतो. रक्त तपासलं जातं, ईसीजी निघतो, काही सापडत नाही. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," हे ऐकून तो घरी परततो. त्याला काहीतरी झालेलं असतंच. पण त्याचं नाव त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि बोलण्याच्या मार्गानेही त्यावर उपचार होतात, हे त्याच्या कानावरही गेलेलं नसतं.

या लेखात त्याच उपचारांचा आढावा घ्यायचा आहे. मनोपचारतज्ज्ञ नेमकं काय करतो, माणूस त्यातून बरा कसा होतो, महाराष्ट्रात ही विद्या कुणी रुजवली आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ती कुठवर पोचली, हे पाहू. माझं म्हणणं आधीच सांगतो. मनोपचार ही शिकता आणि शिकवता येणारी विद्या आहे. तिने पुण्या-मुंबईतच थांबावं, असं काहीही कारण नाही.

जालन्याचं ओझं

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून जालना जिल्हा वेगळा झाला. शहरात पोलादाचे कारखाने आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिकोमुळे बियाण्यांच्या उद्योगात जालन्याचं नाव देशभर झालं. पण जिल्ह्यातला मोठा वर्ग अजून कापूस, सोयाबीन आणि मोसंबीवर जगतो आणि ही पिकं पावसाच्या भरवशावर आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. मोसंबीचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. त्यामुळे बाग तोडावी लागली की केवळ एका हंगामाचं उत्पन्न जात नाही, घराने अनेक वर्षांचा बांधलेला हिशेब जातो. त्यावर बँकेचं कर्ज, सावकाराचे तगादे, मुलीचं लग्न आणि बांधाची भाऊबंदकी येते. अनेक कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. घरात दारू असेल तर तिचा पहिला मार बाई खाते.

सरकारी सोयींचं चित्र असं आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. जालन्याला असं रुग्णालय उभारायला राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजुरी दिली. तीव्र आजारासाठी त्याची गरज आहेच. मात्र सलाईन मागणाऱ्या आपल्या माणसाला खाटेची गरज नाही. त्याला आठवड्यातून एकदा, घरापासून जवळ, नीट शिकलेल्या माणसासमोर बसायचं आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते.

खोलीत काय घडतं

मनोपचारतज्ज्ञाची पहिली भेट गुप्ततेच्या हमीने सुरू होते. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तोही आधीच सांगितला जातो. जिथे बसस्टँडवर उतरलेल्या माणसाला चार ओळखीचे भेटतात, त्या तालुक्याच्या गावी या हमीला शहरापेक्षा जास्त किंमत आहे. मग प्रश्न येतात. हे कधीपासून होतंय, झोप कशी आहे, जेवण जातं का, दारू किती, घरी कोण आहे, कर्ज कुणाचं? "जगू नये असं वाटतं का?" हाही प्रश्न सरळ विचारला जातो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून अनेकांना पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतो.

दोन-तीन भेटींत दुखण्याचा नकाशा तयार होतो. ते कशातून सुरू झालं, कशामुळे टिकून राहिलं, आणि या माणसाजवळ अजून कोणतं बळ शाबूत आहे, हे दोघं मिळून मांडतात. मग ध्येय ठरतं. "मला सुखी व्हायचंय" एवढ्यावर काम करता येत नाही. सकाळी सहाला उठून गोठ्यात जायचं, दोन महिने टाळलेल्या भावाला फोन करायचा, यावर करता येतं.

सल्ला देणारी माणसं गावात कमी नसतात. पारावर, लग्नात, दहाव्यालाही सल्ला फुकट मिळतो. मनोपचारतज्ज्ञ तो राखून ठेवतो, कारण दुसऱ्याने दिलेल्या उत्तराने माणूस आज्ञाधारक होतो आणि स्वतः शोधलेल्या उत्तराने समर्थ होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचाराच्या आवश्यक अटी मांडल्या. त्यांतल्या तीन उपचारकाशी निगडित आहेत : समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खरं असणं. त्यानंतर पद्धती अनेक आल्या, पण उपचारक आणि येणारा माणूस यांच्यातलं नातं भक्कम असेल तर गुण येण्याची शक्यता वाढते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

विचारांची उलटतपासणी

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची सुरुवात केली. पुढच्या दशकात एरन बेक यांनी नैराश्यावर विचारांच्या अंगाने काम करणारी आपली पद्धत घडवली. दोघांचा गाभा जवळचा आहे : घटना आणि तिचा मनावर होणारा परिणाम यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो.

समजा, घनसावंगीकडच्या एका शेतकऱ्याला बँकेची नोटीस आली. घटना खरी आहे, नुकसानही खरं आहे. पण त्याच्या मनात पुढची साखळी चालू होते : गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही, मी बाप म्हणून नालायक ठरलो, आता जगण्यात अर्थ नाही. उपचारक त्याला "चांगला विचार करा" असं सांगत नाही. तो विचारतो : नोटीस आलेले गावात तुम्ही एकटेच आहात का? थोरल्या भावाला नोटीस आली असती तर त्याला तुम्ही नालायक म्हटलं असतं का? कर्ज फेडता न येणं आणि माणूस म्हणून फुकट जाणं या दोन गोष्टी एकच कशा? अशा प्रश्नांतून दुःख पुसलं जात नाही, जाऊही नये. बाग वाळली तर वाईट वाटणारच. पण जीव घ्यायला निघालेली निराशा सोसता येईल अशा दुःखात उतरते आणि त्या दुःखासोबत माणूस काम करू शकतो.

मनाशी बोलणं या जिल्ह्याला नवं नाही. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव आणि 'मनाचे श्लोक' घराघरांत पाठ आहेत. श्लोक मनाला उपदेश करतात. उपचारक मनाला प्रश्न विचारायला शिकवतो. ज्या समाजाला मनाला हाक मारायची सवय आहे, त्याला ही दुसरी रीत परकी वाटू नये.

आधी पाऊल, मग उमेद

खचलेला माणूस म्हणतो, "मन लागलं की शेतात जाईन." मन लागत नाही आणि शेत पडून राहतं. शेत पडून राहिलं की मन आणखी खचतं. कृतीतून उभारी देणारी पद्धत हा फेरा उलट बाजूने तोडते. उमेदीची वाट न पाहता एक लहान, ठरलेलं काम करायचं, त्यानंतर कसं वाटलं याची नोंद ठेवायची आणि पुढच्या भेटीत ती तपासायची. विहिरीपर्यंत चालून यायचं, एक सरी खुरपायची, संध्याकाळी भजनाला बसायचं, इतकी साधी ही कामं असतात.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. 'संगथ' संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा असा उपचार दिला. देणारे होते मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण पद्धतशीर प्रशिक्षण आणि सततची देखरेख मिळालेले स्थानिक समुपदेशक. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. जालन्याला यातून थेट शिकता येईल.

महाराष्ट्राने केलेलं काम

एलिस यांची पद्धत भारतात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने उपचारांबरोबर लेखन, व्याख्यानं आणि नाटकं यांतून मनाची भाषा सामान्य मराठी घरात नेली. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभारलं. व्यसनी माणसाला अपराधी न मानता आजारी मानायचं आणि पत्नीला, आईवडिलांनाही उपचारात घ्यायचं, हा धडा मुक्तांगणने दिला. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी व्यसनमुक्तीसाठी उभ्या केलेल्या 'परिवर्तन'चं काम डॉ. हमीद दाभोलकरांनी मानसिक आरोग्याच्या व्यापक क्षेत्रात नेलं. कॅनडातल्या कॅल्गरीत स्थायिक झालेले जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली. 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून आला. 'देवराई'चे दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्याच 'कासव'ने २०१६ च्या चित्रपटांसाठीचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवताना नैराश्यातल्या तरुणाला अनोळखी माणसांनी दिलेला आधार दाखवला.

खेड्यांसाठी सर्वांत मोलाचा प्रयोग अमरावती जिल्ह्यातला 'विश्राम'. ३० गावांत गावचेच कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी उतरंड बांधली गेली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. जालन्यातही पाया आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात जालना आहे. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावलीतून ताणाखालची माणसं शोधतात आणि पुढे पाठवतात. शोधलेल्या माणसाला पुढे बोलायला शिकलेलं माणूस भेटतं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. आशाताईच्या वहीतलं नाव म्हणजे उपचार नव्हे.

बरं होणं आणि वाढणं

झोप लागू लागली, धडधड थांबली, की अनेकजण येणं बंद करतात. चांगला उपचारक इथे थोडं थांबायला सांगतो. पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा भांडण झालं, तर पहिली खूण कोणती ओळखायची, कुणाला फोन करायचा, याची तयारी शेवटच्या भेटींत होते. मानसशास्त्रज्ञ टेडेस्की आणि कॅलहून यांनी १९९० च्या दशकात आघातानंतरच्या वाढीचा अभ्यास केला. मोठा तडाखा बसलेल्या काहींची नाती खोल होतात, स्वतःच्या बळाची ओळख पटते, अग्रक्रम बदलतात. ही वाढ कुणावर लादता येत नाही. "दुःखाने तू मोठा झालास," असं दुखावलेल्या माणसाला ऐकवणं क्रूर आहे. पण नवऱ्याच्या आत्महत्येनंतर सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घेण्यासाठी तलाठ्याकडे स्वतः जाणारी बाई, किंवा मुलासमोर प्रथमच "मला जमत नाहीये" म्हणणारा बाप, हे वाढीचेच पुरावे आहेत.

मर्यादा

स्किझोफ्रेनिया आणि द्विध्रुवी आजार यांना औषधं लागतातच, तीव्र नैराश्यातही ती अनेकदा लागतात. तिथे मनोविकारतज्ज्ञ आधी आणि बोलणं सोबतीला. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीच्या दर्ग्यावर मनाने त्रस्त झालेल्यांना घेऊन जाणारी कुटुंबं जालन्यातही आहेत. त्यांच्या श्रद्धेची टर उडवून ती दवाखान्यात येणार नाहीत. "दर्ग्यावर जा, गोळीही चालू ठेवा," असं म्हणणारा उपचारक त्यांना टिकवून ठेवतो. साखळीने बांधणं मात्र कुठल्याही कारणाने चालणार नाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळदंडांतली २८ माणसं जळून गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधून ठेवायला मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, असंही तोच कायदा सांगतो.

दुसरी मर्यादा पोटाची आहे. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही आणि विहिरीला पाणी लागत नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं करून द्राक्षबागा उभ्या केल्या. मनाच्या आरोग्याला असं कामही लागतं. मात्र पाणी येईपर्यंत माणूस जगला पाहिजे, आणि तेवढ्यासाठी मनोपचार हवा.

आता काय हवं

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, ग्रामीण रुग्णालयात, ठरलेल्या वारी बसणारा, नियमित पगाराचा प्रशिक्षित समुपदेशक हवा. मराठीतून प्रशिक्षण, वरिष्ठांची देखरेख आणि बंद दाराची एक खोली हवी. यातलं काहीही अशक्य नाही. मनोरुग्णालयाच्या इमारतीची वाट न पाहता ते सुरू करता येईल.

वाचकांकडे एक मागणं आहे. दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातलं कोण नीट झोपत नाही, कोण बोलेनासं झालं आहे, याकडे लक्ष द्या. त्याला सल्ला देऊ नका. शेजारी बसा, विचारा आणि ऐका. मरणाचे विचार आहेत का, हेही स्पष्ट विचारा आणि उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची 'टेलि मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो क्रमांक आजच मोबाइलमध्ये भरून ठेवा आणि गावातल्या आशाताईलाही द्या.