मिठाचे रस्ते आणि जपलेली मोटार

आमच्या विभागाचे एक माजी विद्यार्थी गेली अनेक वर्षे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात राहतात. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते येथे आले असता चहाच्या वेळी त्यांनी एक प्रश्न पुढे ठेवला. प्रश्न वरवर पाहता हौशी माणसाचा होता. परंतु त्याचे उत्तर देऊ लागताच भौतिक रसायनशास्त्राची दोन-तीन प्रकरणे उघडावी लागली, म्हणून तो येथे मांडीत आहे. त्यांच्याजवळ १९६७ साली बनलेली एमजीबी ही उघडी स्पोर्ट्स मोटार आहे. ती त्यांनी बाजारातून विकत घेतलेली नाही. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी ती तीस वर्षे चालविली, आणि डोळे अधू झाल्यावर किल्ली यांच्या हाती देताना एवढेच सांगितले की, हिला झाकून ठेवू नका, चालवीत राहा. ते गृहस्थ आजही समोरच्याच घरात राहतात. ऑन्टारिओत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडते. मग दिलेला शब्द पाळावा की मोटार वाचवावी?

या प्रश्नावर थंड देशांतील मोटारप्रेमी मंडळींत दोन तट आहेत. मोटार ही चालविण्यासाठीच असते, असे एक पक्ष म्हणतो. पहिले मीठ पडल्यापासून वसंतातील पावसापर्यंत चाकही फिरू देऊ नये, असे दुसरा म्हणतो. दोहोंच्या बोलण्यात आवेश पुष्कळ आहे. रसायनशास्त्र मात्र थोडे आहे.

रस्त्यावर मीठ टाकण्याची चाल फारशी जुनी नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ साली तिचा प्रयोग झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग वाढले तशी ती सर्वत्र पसरली. तिचे तत्त्व पदवी वर्गातील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. विद्रुत कणांमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. साध्या मिठाचे वजनी प्रमाण शेकडा २३.३ झाले की तो उणे २१.१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. कॅल्शियम क्लोराइडने तो सुमारे उणे ५० अंशांपर्यंत नेता येतो. व्यवहारात साधे मीठ उणे ९-१० अंशांखाली फार सावकाश काम करते, म्हणून कडक थंडीच्या प्रदेशांत त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात, अथवा बर्फ पडण्यापूर्वीच रस्त्यावर त्यांचे द्रावण शिंपडतात. या मिठाने असंख्य माणसांचे प्राण वाचविले आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. येथे तक्रार मांडावयाची आहे ती केवळ पत्र्याच्या बाजूने.

लोखंड गंजते म्हणजे काय होते? ओलाव्याच्या पातळ थराखाली पत्र्याच्या एका भागातील लोह आयनरूपाने विरघळते व इलेक्ट्रॉन मागे ठेवते. दुसऱ्या भागी तेच इलेक्ट्रॉन घेऊन प्राणवायू व पाणी यांपासून हायड्रॉक्सिल आयन बनतात. अशा रीतीने एक लहानसा विद्युत्‌घट पत्र्यावर चालू राहतो. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स (१८८९–१९८०) यांनी खाऱ्या पाण्याच्या एका थेंबावर ही गोष्ट दाखवून दिली. थेंबाच्या कडेला हवा मुबलक पोहोचते, मध्यभागी ती कमी पोहोचते. आणि झिजते ते मध्यभागचे लोखंड, कडेचे नव्हे. हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी चमत्कारिक वाटतो, कारण जेथे हवा अधिक तेथे गंज अधिक अशी सर्वसामान्य समजूत असते. मोटारीच्या दृष्टीने त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. उघड्या, वारा लागणाऱ्या पृष्ठभागापेक्षा दोन पत्र्यांमधील अरुंद फट, चिखलाच्या लपक्याखालची जागा, जोडाच्या आतला कोपरा येथेच नाश होतो. मालक रोज कापडाने जो भाग पुसतो तो बहुधा सुरक्षितच असतो.

मिठाचे कार्य येथे दुहेरी आहे. एक तर ते ओलाव्याची विद्युत्‌वाहकता वाढविते. दुसरे आणि अधिक घातक कार्य क्लोराइड आयनाचे. लोखंडावरील संरक्षक ऑक्साइडचा थर तो फोडतो आणि फटीत शिरून लोह क्लोराइड बनवितो. या क्लोराइडचे जलविघटन झाले की हायड्रॉक्साइड बाहेर पडते व हायड्रोक्लोरिक आम्ल उरते. ते आम्ल पुन्हा लोखंडावर तुटून पडते. या चक्रात क्लोराइड जवळजवळ खर्ची पडत नाही. सावकाराच्या कर्जासारखाच हा प्रकार आहे. मुद्दल तसेच राहते आणि व्याज चालू असते. 'एकदाच तर बाहेर काढली होती' हे मालकाचे समर्थन म्हणूनच लंगडे पडते. फटीत शिरलेले मीठ त्या एका दिवसापुरते शिरत नाही. एप्रिलमध्ये, जूनमध्ये, हवेत दमटपणा आला की ते पुन्हा कामास लागते.

आपल्याकडील वाचकांस हिमप्रदेशातील मिठाचा अनुभव नाही. परंतु कोकणच्या किनाऱ्यावरील घरांच्या खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिले आहेत त्यांस अधिक सांगणे नको. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे गज फुगतात आणि भोवतालची चौकट फाडतात. मोटारीच्या जोडांतही तेच घडते; दोन पत्र्यांमधील गंज फुगून टाके उकलतो.

आता एमजीबीकडे वळू. ही मोटार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. तिच्या आधीच्या एमजीए या मोटारीस स्वतंत्र सांगाडा होता. एमजीबीला तो नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. उघड्या मोटारीस छपराचा आधार नसतो, तेव्हा पुढचा व मागचा भाग यांना जोडून धरण्याचे काम मुख्यतः दारांखालच्या पोकळ तुळयांवर येते. या तुळया अनेक पत्रे एकमेकांस जोडून बनविलेल्या असून आतून अंधाऱ्या आहेत. पुढील चाकाने उडविलेला खारा चिखल पंखाच्या मागच्या कोपऱ्यात साचतो आणि तेथून त्यांच्या तोंडाशी उतरतो. इव्हान्सच्या थेंबाला याहून सोयीचे घर कोणी बांधून दिले नसते! बाहेरून रंग तुळतुळीत असता आतील पडदा खाल्ला गेलेला असतो. पहिली सूचना मिळते ती दार नीट बसेनासे होते तेव्हा, आणि तोवर कवच मधोमध लवलेले असते. १९६७ साली पत्र्यावर जस्ताचा थर देण्याची पद्धत मोटारींत रूढ नव्हती. पोर्शे कंपनीने ९११ चे कवच दोन्ही बाजूंनी जस्तविलेपित पत्र्याचे केले ते १९७६ च्या नमुन्यापासून. त्यानंतरच्या मोटारींविषयी हा लेख इतक्या कठोरपणे लागू करू नये. जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते, मात्र तेही अक्षय नाही. कवच काचतंतूंचे असले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. १९६२ च्या लोटस एलानचे अंग गंजत नाही, परंतु त्याखालचा पोलादी कणा गंजतो.

धुण्याविषयी एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण हेतू चांगला असूनही तेथे हटकून चूक होते. पोलादाच्या गंजण्याचा वेग मिठाच्या प्रमाणाबरोबर सतत वाढत जात नाही. सुमारे शेकडा ३ प्रमाणाच्या आसपास, म्हणजे जवळपास समुद्राच्या पाण्याइतक्या खारेपणाला, तो सर्वाधिक असतो; त्यापुढे द्रावणात प्राणवायू कमी विरघळत असल्यामुळे तो उतरू लागतो. याचा व्यावहारिक परिणाम असा की, दाट खाऱ्या चिखलावर वरवर पाण्याचा फवारा मारून मोटार आत ठेवणे हे पुष्कळदा न धुण्यापेक्षा वाईट ठरते. दाट द्रावण त्यामुळे पातळ होऊन नेमक्या घातक प्रमाणाला येते आणि फटीत आणखी खोल जाते. धुवावयाचे तर खालून, कमानींच्या आतून, निचऱ्याच्या भोकांतून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवावे. स्वयंचलित धुलाईगृहांत तेच पाणी पुनःपुन्हा वापरीत असतील तर त्यांचा आश्रय घेण्यापूर्वी विचार करावा.

गरम गॅरेज हा दुसरा वादाचा विषय. रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांमागे सुमारे दुप्पट होतो, या ढोबळ नियमाने उणे १० अंशांवर उघड्यावर उभी असलेली मोटार अधिक १५ अंशांच्या गॅरेजमधील ओल्या मोटारीपेक्षा कितीतरी सावकाश गंजते. तथापि येथे 'ओल्या' हा शब्द निर्णायक आहे. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी पूर्वीच दाखविले होते की, सापेक्ष आर्द्रता एका विशिष्ट मर्यादेखाली, स्वच्छ पृष्ठभागाच्या बाबतीत सुमारे शेकडा ६० खाली असली, तर लोखंड फारसे गंजत नाही. साधे मीठ हवेतील ओलावा ओढून पाझरू लागते ते शेकडा ७५ आर्द्रतेला. त्याखाली ते कोरडे राहते. सबब साधे मीठ असेल आणि गॅरेज खरोखर कोरडे असेल तर ऊब उपकारकच होते. मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइड मात्र शेकडा ३० ते ३३ आर्द्रतेलाच पाझरतात. राहत्या घराच्या सामान्य हवेत ते कधी पूर्णपणे सुकतच नाहीत. म्हणजे गॅरेज गरम करावे की नाही, याचे उत्तर गॅरेजमध्ये नसून नगरपालिकेच्या मिठाच्या कोठारात आहे.

उलट पक्षाचे म्हणणेही अगदीच पोकळ नाही. सहा महिने उभ्या असलेल्या मोटारीची विद्युत्‌घटमाला उतरते, पेट्रोल शिळे होते, रबरी कडा आखडतात, टायर एका बाजूस चपटतात आणि उंदीर तारांची घरटी करतात. दर आठवड्यास जागेवरच इंजिन दहा मिनिटे सुरू करण्याची प्रथा मात्र निरुपयोगीच नव्हे, तर हानिकारक आहे. इंजिन पुरते तापत नाही आणि ज्वलनातील पाणी तेलात उतरते. परंतु या साऱ्या व्याधींवर उपाय आहेत व ते स्वस्त आहेत. तुळईच्या आतील गंजावर स्वस्त उपाय नाही. जर्मनीत १९९७ पासून वर्षातील ठराविक महिन्यांपुरतीच मोटारीची नोंदणी करता येते. त्या महिन्यांबाहेर ती सार्वजनिक रस्त्यावर चालविता तर येत नाहीच, पण उभीही करता येत नाही, आणि कर व विमा त्या प्रमाणात कमी पडतात. अशी सोय कायद्याने असल्यावर तेथील मालकास दरवर्षी स्वतःशी वाद घालण्याचे कारण उरत नाही.

आमच्या मित्रांस आम्ही जे सांगितले ते असे. थंडी ही मोटारीची शत्रू नाही, आणि दिनदर्शिकेवरून निर्णय करू नये. रस्ता ओला व खारा असेल तर मोटार काढू नये. तो कोरडा पण पांढरट असेल तरीही काढू नये, कारण ती पांढरी धूळ म्हणजे पुढच्या दमट दिवसाची तयारी होय. मोठा पाऊस होऊन रस्ता धुतला गेला आणि वर पुन्हा मीठ पडले नाही, तर जानेवारीतही खुशाल न्यावी. मात्र उन्हाळी टायरचे रबर ७ अंशांखाली कडक होते, तेव्हा वेग बेताचा ठेवावा. पोकळ भागांत मेणयुक्त तेल फवारावे. डांबरी लेप जुना होऊन तडकला म्हणजे त्याखाली खारे पाणी अडकते, म्हणून जुन्या पत्र्यावर तो टाळावा. एमजीबीची नवी कवचे मूळ साच्यांवरून १९८८ पासून इंग्लंडमध्ये तयार होऊ लागली, तेव्हा हिचा नाश अगदीच अपरिहार्य नव्हे, असा युक्तिवाद त्यांनी केला. तो खरा आहे. पण नवे कवच घातलेली मोटार समोरच्या घरातील गृहस्थांना आपली वाटेल काय, हा प्रश्न आमच्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही, आणि त्यांनीही तो पुढे नेला नाही.

यंदाच्या एप्रिलात त्यांचे पत्र आले. हिवाळ्यात मोटार तीनदाच बाहेर निघाली, तिन्ही वेळा पावसानंतर, आणि तिन्ही वेळा शेजारी बाजूच्या आसनावर होते. वसंतात त्यांनी तुळयांच्या निचऱ्याच्या भोकांतून तार फिरविली. डावीकडून थोडी वाळू निघाली. उजवीकडून वाळूबरोबर नखाएवढे गंजाचे दोन पापुद्रे आले. ते त्यांनी पाकिटात घालून आमच्याकडे पाठविले असून विभागाच्या प्रयोगशाळेत त्यांतील क्लोराइड तपासण्याचे काम चालू आहे.