गुणांची पुंजी की इयत्तांची शिडी?

मेजाभोवती बसून, फासे टाकीत व संवाद बोलत खेळावयाचे भूमिकाखेळ आता अनेक देशांत खेळले जातात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग उभे करतो. इतरजण एकेक पात्र पत्करून त्या प्रसंगी काय करावयाचे ते सांगतात. असे पात्र घडवावे कसे, याच्या दोन रीती आहेत. त्यांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पहिली रीत इयत्तांची. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या अमेरिकन लेखकांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात बळ, बुद्धी इत्यादी सहा गुण फाशांच्या दानावर ठरत आणि खेळाडू योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक होई. अनुभव साठला की पात्र वरच्या इयत्तेत चढे. मग योद्ध्याचे युद्धकौशल्य व घाव सोसण्याची शक्ती ही दोन्ही वाढत. मांत्रिकास अधिक प्रबळ मंत्र लाभत.

दुसरी रीत गुणांच्या पुंजीची. स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'मेली' या १९७७ सालच्या लहानशा खेळात बळ व चपळाई यांचे प्रत्येकी ८ गुण आरंभीच मिळतात आणि आणखी ८ गुण मर्जीप्रमाणे वाटावयाचे असतात. सर्व बळावर खर्चिले तर जड शस्त्र पेलते, परंतु वार चुकतात. सर्व चपळाईवर खर्चिले तर वार बसतो, परंतु शस्त्र हलके राहते. येथे दैवाला दोष देता येत नाही. निवड आपलीच असते.

जॅक्सन यांनीच १९८६ साली 'गर्प्स' या खेळात ही रीत पुष्कळ विस्तारली. त्यात उणीव पत्करली की गुण परत मिळतात. नवल असे की, अधू दृष्टीप्रमाणे सत्यवचनही त्यात उणिवांच्या यादीत आहे! सत्य हा दुर्गुण, असा याचा अर्थ नव्हे. खोटे बोलून सुटण्याची वाट ज्याला बंद आहे, त्याचा मार्ग बिकट होतो, एवढेच त्या यादीचे म्हणणे. अर्थात ही अडचण खेळात खरोखर सोसावी लागली पाहिजे. नाही तर ते फुकटचे गुण ठरतील.

आता तारतम्य पाहू. इयत्तांच्या रीतीत नवखाही लवकर रमतो. प्रत्येकाचे काम निराळे असल्याने सर्वांना एकमेकांची गरज भासते. परंतु एका वर्गाची पात्रे बरीचशी एका साच्याची होतात. पुंजीच्या रीतीत हवे ते माणूस घडविता येते. मात्र नियम नीट ठाऊक नसतील तर नवखा गोंधळतो, आणि हिशेबात पटाईत असलेला इतरांवर कुरघोडी करतो.

म्हणूनच दोन्हींचा मेळही घातला जातो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या आवृत्तीत इयत्ता २० आहेत. तरी आरंभीचे सहा गुण २७ अंकांच्या पुंजीतून विकत घेण्याची मुभा आहे. तेथे ८ वरून ९ वर जाण्यास एक अंक लागतो, तर १४ वरून १५ वर जाण्यास दोन. शिखराजवळची पायरी महाग असते.

आमच्या मते, नवख्यांच्या मेळ्याने शिडी धरावी. ज्याच्या मनात एखादे माणूस आधीच स्पष्ट उभे आहे, त्याने पुंजी हाती घ्यावी. पण आपल्या पात्राला काय येणार नाही, हेही त्याने आधी ठरवावे. सर्व काही येणारे पात्र यांपैकी कोणत्याच रीतीत घडत नाही. आणि म्हणूनच सोबती लागतात.