सायकल-व्यायाम व भारव्यायाम

सायकल-व्यायाम व भारव्यायाम : दमसास वाढविणारे सायकल चालविणे व स्नायूंचे बल वाढविणारा भारव्यायाम यांची संयुक्त व्यायामयोजना. सायकलीवर शरीराचा भार बैठकीने पेलला जात असल्याने हाडांवर पुरेसा ताण पडत नाही. ही उणीव भारव्यायामाने भरून निघते. तथापि दोहोंचा अतिरेक बलवृद्धीस बाधक ठरतो. अमेरिकन संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० मधील दहा आठवड्यांच्या प्रयोगात सायकल चालविणे, धावणे व भारव्यायाम जवळजवळ रोज करणाऱ्यांचे बल सातव्या आठवड्यापर्यंत वाढले, नंतर स्थिरावले व अखेरीस घटले. दमसासाच्या वाढीत मात्र उणेपणा आला नाही. घाटरस्त्यांच्या प्रदेशात हे विशेष लक्षात घ्यावे लागते. उदा., बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, तर त्याच जिल्ह्यातील मलकापूर पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात वसले आहे. या मार्गावरील राजूर घाट सायकलीने चढताना मांड्यांच्या स्नायूंना मोठे श्रम पडतात. म्हणून त्या दिवशी पायांचा भारव्यायाम टाळून तो आठवड्यातून दोनदा, सपाट रस्त्यावरील हलक्या फेरीच्या दिवशी करावा. बलवृद्धी हे मुख्य उद्दिष्ट असल्यास भारव्यायाम आधी करून मध्ये काही तासांचे अंतर ठेवणे इष्ट असते. विदर्भातील कडक उन्हाळ्यात मात्र सायकल-फेरी पहाटेच उरकून भारव्यायाम सायंकाळी करणे हितावह ठरते.